चार दिवसांचा पत्ता

ग्वाक काकांनी जिन्यातल्या पाण्याच्या मीटरचं झाकण उचकटून बाजूला ठेवलं, आत हात घालून नळी किती गार पडलीय ते पाहिलं आणि मागे न बघताच म्हणाले,

"जुने कपडे असतील तर आण गं. लोकरीचे असले तर उत्तमच."

दासोमने कपाटातून नवऱ्याचा कोपरावर विरलेला स्वेटर आणि दोन पायजमे आणून दिले. काका ते एकेक करून मीटरभोवती कोंबू लागले. दर डिसेंबरात, सोलमधलं पाणी नळातच गोठायला लागायच्या आधी, ते खालच्या चारही बिऱ्हाडांच्या मीटरांना असे कपडे घालत. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे वाजत होते, पण प्लंबरला बोलावणं त्यांना अपमान वाटे. तरुणपणी फरशा बसवून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ही इमारत बांधली होती आणि तिची सर्दीपडसंही तेच बघत. राहायला येताना भाड्याऐवजी एक मोठी अनामत घेतली होती, ती जाताना परत मिळायची; त्यानंतर चार वर्षांत दुरुस्तीचा एक वॉन त्यांनी मागितला नव्हता. उलट वरच्या मजल्यावरून काकू मुळ्याच्या किमचीचा डबा पाठवत. दासोम ज्या दातांच्या दवाखान्यात काम करी, तिथल्या मुली म्हणत, असा घरमालक मिळायला पुण्य लागतं.

"मार्चात जाणार तुम्ही," काका म्हणाले.

"हो काका. दहा तारखेला चावी देणार म्हणतात."

"सतरावा मजला ना?"

"सोळावा."

"तेच ते. उजेड चांगला येईल." त्यांनी पायजम्याचा एक पाय बोटाने आत ढकलला. "नशीब काढलंत. आमच्या धाकट्याने नऊ वेळा अर्ज भरला, एकदाही घरांच्या सोडतीत नाव नाही. छत्तीस पूर्ण झाली त्याला. मुलीकडचे विचारतात, लग्न ठीक आहे, पण राहणार कुठे? मुलाकडच्यांनी घर बघायचं असतं, त्यांचंही काय चुकलं म्हणा."

दासोम नुसती हसली. सोळाव्या मजल्यासाठी ती आणि तिचा नवरा गिह्वान सहा वर्षं अर्ज भरत होते. सोडत लागली त्या दिवशी गिह्वानने आईला फोन लावला आणि बोलायचं सोडून रडलाच होता.

काकांनी झाकण लावलं, हात पँटला पुसले आणि खिशातून एक तपकिरी पाकीट काढलं. ते लगेच पुढे केलं नाही.

"एक सांगायचं होतं. राग मानू नकोस. तुमची अनामत परत द्यायची तर मला नवा भाडेकरू हवा. तो मिळत नाही. हल्ली असल्या जुन्या घरात एवढी रक्कम कोण ठेवतो? म्हणून बँकेतून कर्ज काढून तुमचे पैसे देणार आहे. पण बँक आधी कागद बघते, घरात कुणाकुणाची नोंद आहे. नोंद असली की कर्ज देत नाहीत मनासारखं. तर तुमच्या दोघांचा पत्ता फक्त चार दिवस माझ्या बहिणीकडे हलवायचा. उद्या गुरुवार. शुक्रवारी बँकेचं काम होईल. सोमवारी परत इथे आणा. सामान हलवायचं नाही, काही नाही. नुसता कागद."

"काका, पण..."

"बहिणीची संमती शिक्क्यासकट आत आहे. हे मी फक्त तुम्हालाच सांगतोय. बाकीच्यांचं मी बघतो. आणि तुमचे पैसे सगळ्यांच्या आधी देणार, हा माझा शब्द."

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं. आपल्या वडिलांच्या वयाचा माणूस दोन्ही हातांनी काही देत असेल तर ते एका हाताने परत कसं सारायचं, हे दासोमला कुणी शिकवलं नव्हतं. तिने तेही दोन्ही हातांनीच घेतलं.

गिह्वान लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावरून साडेसातला आला. जेवताना तिने पाकीट ताटाशेजारी ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने मुळ्याची फोड तोंडात टाकली, चावायचं विसरला, मग पटकन गिळली.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. पण त्याचा आवाजच घाबरलेला होता.

"तुझ्या कामावरच्या त्या माणसाने असाच पत्ता हलवला, त्याचं काय झालं होतं? तूच सांगत होतास."

"त्याचा घरमालक चोर होता. काका चोर आहेत का?"

"चोर नाहीत. अडलेले आहेत."

गिह्वानने ताट बाजूला सारलं. मग त्याने पिझ्झाच्या जाहिरातीचा कागद उलटा करून पेन काढलं. आकडे मांडले की त्याला धीर येई. रोजची सवय होती ती.

"हे बघ. समज, काका पैसे देऊ शकले नाहीत आणि घर लिलावात गेलं. साठ कोटी वॉन आले तर डोक्यावरून पाणी. त्यातले तीस बँकेच्या जुन्या कर्जात. उरले तीस. मग भाडेकरूंची रांग. ज्याची नोंद जुनी, त्याला आधी. खालचा येचान पहिला, आपण दुसरे. तो आपल्या अकरा दिवस आधी राहायला आला ना? त्याचे सतरा गेले. उरले तेरा. आपले अठरा."

"म्हणजे आज, या क्षणीसुद्धा, आपले पाच बुडतात."

"लिलाव झाला तर."

"आणि पत्ता हलवला तर?"

त्याने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "तर आपण रांगेच्या शेपटाला. त्या चार दिवसांत बँकेने नवं कर्ज चढवलं तर बँकेच्याही मागे. मग काहीच नाही. पण दासोम, पत्ता नाही हलवला तर काकांना कर्ज मिळणार नाही, आणि मार्चात आपल्याला पैसे मिळणार नाहीत. मग नव्या घराचा शेवटचा हप्ता कशातून भरायचा?"

"उशीर झाला तर दंड भरता येतो. रक्कमच गेली तर काय भरणार?"

"त्या अठरात आईचे चार आहेत," तो म्हणाला. त्याच्या आईने शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं भात शिजवला होता आणि निवृत्तीची सगळी रक्कम मुलाच्या हातात ठेवली होती. तो विषय निघाला की दोघंही खाली बघत. आत्ताही बघितलं.

"मागच्या वर्षी मला ताप चढला तेव्हा पाठीवर घालून तीन मजले कुणी उतरवलं?" गिह्वान म्हणाला. "त्या माणसाला तोंडावर जाऊन म्हणायचं, तुमच्यावर भरवसा नाही? तू म्हणशील?"

दासोम म्हणाली नसती. तिला स्वतःचाच संताप आला. अठरा कोटी एका पारड्यात आणि नाही म्हणायचा संकोच दुसऱ्यात, आणि पारडं संकोचाचं जड. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पण इथे तिच्या ओळखीतल्या निम्म्या माणसांनी हेच केलं असतं.

"उद्या दुपारी मला सुट्टी आहे. जाते मी," ती म्हणाली. रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सोळावा मजला ज्या इमारतीत होता तिथे ते दर महिन्याला जाऊन कुंपणाबाहेरून फोटो काढत. ऑक्टोबरात पहिल्यांदा सगळे मजले चढलेले दिसले, आणि गिह्वानने खालून वर बोटाने मोजत मोजत त्यांची खिडकी शोधली होती. त्याने दाखवलेली खिडकी बरोबर होती की एक मजला चुकला होता, याचाच ती पहाटेपर्यंत विचार करत राहिली.

काकांच्या बहिणीचा पत्ता शेजारच्या वॉर्डातला होता, म्हणून अर्ज तिथल्याच ऑफिसात द्यायचा होता. गुरुवारी अडीच वाजता दासोमने टोकन काढलं. त्रेसष्ट. खिडकीवरच्या पाटीवर सत्तावन्न. हॉल गरम होता, हीटरची हवा सुकी, आणि भिंतीवर भाडेकरूंसाठी मोठं भित्तिपत्रक लावलेलं होतं: 'घरमालक सांगतो म्हणून पत्ता हलवू नका. आधी चौकशी करा.' दासोमने ते एकदा वाचलं आणि पुन्हा तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं. अर्ज भरताना तिने नवरा-बायको दोघांचे जन्मदिनांक लिहिले. काकांच्या बहिणीचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'ओळख' असं लिहून ती थांबली, कारण ओळखसुद्धा नव्हती.

"तीनशे एकवाल्या ताई! तुम्ही इथे?"

खालच्या मजल्यावरचा येचान. बेकरीतला पांढरा सदरा कोटाखालून दिसत होता, केसांना पिठाचा पुसट वास. सत्ताविसाव्या वर्षीही तो शाळेतल्या मुलासारखा वाकून नमस्कार करायचा. त्याच्या हातात अडुसष्ट नंबरचं टोकन होतं आणि काखेत तपकिरी पाकीट.

 तिने आपलं पाकीट पर्सखाली सरकवलं, पण उशीर झाला होता. येचानने ते पाहिलं, स्वतःच्या पाकिटाकडे पाहिलं आणि खळखळून हसला.

"तुम्हालापण? मला म्हणाले, फक्त तुलाच सांगतोय!" तो तिच्या शेजारी बसला. "बिचारे काका. लाज वाटत असेल हो एकेकाला सांगताना. म्हाताऱ्या माणसाला किती अवघड."

"तुला काय म्हणाले?"

"हेच. चार दिवस. कर्ज मिळालं की माझे पैसे सगळ्यांच्या आधी." त्याने गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहायला घेतलं. तीच गल्ली, तोच बारा नंबर, तेच बहिणीचं नाव. "मी म्हटलं, काका घाई नाही. मी कुठे जातोय? पण ते म्हणाले, नाही, पोरा, तुझे आधी."

"येचान, ते कर्ज कशासाठी काढतायत, सांगितलं का तुला?"

"आपल्या अनामतींसाठी ना?" मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो खूश होऊन तिच्याकडे वळला. "ताई, चांगली बातमी कळली का? काकूंनी काल सांगितलं. धाकट्याचं जमलं! फ्लॅटचा बयाणा भरला, एप्रिलात लग्न. केकची ऑर्डर मलाच देणार आहेत."

 काही विचारायचं शिल्लक नव्हतं. नऊ वेळा सोडतीत न लागलेल्या मुलाचं घर शुक्रवारी तिच्या आणि येचानच्या पैशांवर उभं राहणार होतं. काकांनी दोघांना दिलेला शब्द खोटा होता असंही नाही. देताना तो त्यांना खराच वाटला असेल. मुलाचं लग्न करू, मग भाडेकरूंचं बघू, काहीतरी जमेल. बापाला असं वाटणं तिला समजत होतं. तिला घाम फुटला तो याच कारणाने, की सगळंच समजत होतं आणि तरीही पैसे जात होते.

साठ. एकसष्ट.

सांगायला हवं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. 'येचान, फॉर्म फाड. दोघंही घरी जाऊ.' दोघांनीही पत्ता हलवला नाही तर सगळं आधीसारखंच राहील. तो पहिला, ती दुसरी.

आणि आधीसारखं म्हणजे तेरा.

हा आकडा तिने मुद्दाम आठवला नव्हता, तो आपोआप आला आणि त्यामागोमाग उरलेला हिशेबही. येचानने पत्ता हलवला आणि तिने नाही हलवला, तर रांगेत पहिलं नाव कुणाचं? तीसमधले अठरा पूर्ण. आईचे चारही. सोळावा मजला, दंड भरून का होईना, त्यांचाच. तिने अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटात इतकं रुतवलं की कातडीवर पांढरी खूण उठली.

"तुझंही बचतखातं आहे ना, घराच्या सोडतीसाठीचं?" तिने विचारलं. तिलाच कळलं नाही, ती हे का विचारतेय. कदाचित त्याने नाही म्हणावं म्हणून.

"सहा वर्षं झाली ताई!" येचान म्हणाला. "पहाटे चारला उठून कणीक मळतो ती कशासाठी? पुढच्या वर्षी सोडतीचे गुण पुरे होतील असं वाटतंय. तुमची लागली ना, तेव्हापासून मला पण धीर आलाय. आईला म्हटलं, तीनशे एकवाल्यांची लागू शकते तर आपली का नाही?" त्याने घड्याळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा. सव्वातीनला मला भट्टीवर हजर राहायचंय. अडुसष्ट कधी येणार?"

पाटीवर त्रेसष्ट लागला. खिडकीतल्या बाईंनी मान वर करून हॉलवर नजर फिरवली.

"ताई, तुमचा नंबर."

दासोम उठली. दोन पावलं गेली. भित्तिपत्रक आता तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि येचान पाठीमागे. मागे वळून एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ती वळली.

"तुला उशीर होतोय," ती म्हणाली. "तू जा आधी. मला आज काही घाई नाही."

"नको, नको, ताई, असं कसं?"

"जा म्हणते ना. भट्टी थांबणार नाही."

तिने त्रेसष्ट नंबरचं टोकन त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या हातातलं घेतलं. येचानने दोन्ही हातांनी टोकन घेतलं, कमरेत वाकून तिचे आभार मानले आणि पळतच खिडकीकडे गेला.

ती परत बसली. तिथून सगळं ऐकू येत होतं. बाईंनी फॉर्म तपासला, शिक्का पाहिला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कायमचं राहायला येताय का इथे?"

येचान गोंधळला. त्याने मागे वळून दासोमकडे पाहिलं. काय म्हणू, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

दासोमने मान हलवली. हो म्हण.

"हो," येचान म्हणाला.

बाईंनी कळफलकावर बोटं चालवली. मशीनमधून एक कागद सरकत बाहेर आला. एवढ्यावर काम संपलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. येचान हसत, दारातूनच हात हलवत बाहेर गेला.

तो गेल्यावर दासोमला पहिल्यांदा हलकं वाटलं. कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं आणि श्वास नीट येत होता. त्या हलकेपणाचीच तिला इतकी शरम वाटली की तिने तोंड ओंजळीत धरलं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, बरं नाही का बाळ? ती म्हणाली, हीटरचं सहन होत नाही.

पर्समध्ये फोन थरथरला. गिह्वानचा निरोप होता. 'झालं का? काकांना कळवू?' तिने उत्तर दिलं नाही. पाटीवरचे आकडे पुढे सरकत होते.

"अडुसष्ट," खिडकीतून आवाज आला. "अडुसष्ट आहे का कुणी?"

दासोम समोर बघत बसून राहिली. बाईंनी आणखी एकदा पुकारलं, मग बटण दाबलं. एकोणसत्तरवाला गृहस्थ उठला.

तिने भरलेला फॉर्म घडी घालून पर्समध्ये खोल सरकवला, मफलर गुंडाळला आणि दार ढकलून बाहेर आली. थंडी एकदम नाकात शिरली. पायरीजवळच्या मशीनपाशी येचान उभा होता. दोन्ही हातांत कागदी पेले, त्यांतून वाफ येत होती.

"तू गेला नाहीस?"

"पावणेतीनची बस चुकली, पुढच्या बसला आठ मिनिटं आहेत. म्हटलं, ताईंनी नंबर दिला, निदान कॉफी तरी." त्याने एक पेला पुढे केला. "तुमचंही झालं ना?"

"झालं," दासोम म्हणाली.

"बरं झालं, सुटलो. मग सोमवारी बरोबरच येऊ पत्ता परत आणायला. मी लवकर येऊन दोघांची टोकनं काढून ठेवतो. या वेळी तुमचा नंबर आधी."

तिने कॉफी घेतली. पेला हातात धरवत नव्हता इतका गरम होता, तरी तिने तो सोडला नाही.

"ठेव," ती म्हणाली.